माव्यावर पीएचडी करताय? आधी पोटात कोण बसलंय ते बघा

मावा म्हणजे रोपांचा रस शोषणारी कीड, आणि बुक्नेरा म्हणजे तिच्या शरीरात राहणारा जिवाणू. तो काय करतो हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालते. रसात साखर रग्गड, अत्यावश्यक अमिनो आम्लं तुटपुंजी. ती तूट हा जिवाणू भरतो, म्हणून त्याचा जीनोम ६.४ लाख बेसपर्यंत (डीएनएच्या अक्षरांपर्यंत) झिजूनही तो टिकलाय.

माझा घात केला वोल्बाकियानं, कीटकांच्या पेशींत राहणाऱ्या दुसऱ्या एका जिवाणूनं. चवळीवरचा काळा मावा शेतातून आणला, अल्कोहोल आणि ब्लीचनं धुतला, डीएनए काढला, वोल्बाकियाचा डीएनए शोधणारा पीसीआर लावला. बँड लख्ख, म्हणजे वोल्बाकिया सापडला! गाईड खूश, मी त्याहून खूश. सात महिने त्या बँडमागे गेले.

मग उरलेल्या माव्याचा एक डबा खिडकीत तसाच राहिला. आठवड्यानं बघते तर काही मावे फुगून तपकिरी, टणक झालेले. पुढे त्यांना गोल भोकं पाडून इवल्या गांधीलमाश्या बाहेर आल्या. त्यांचा पीसीआर केला, तोच बँड. वोल्बाकिया त्यांचा होता, माव्याचा नव्हे.

हे नीट समजून घ्या. गांधीलमाशी जिवंत माव्याच्या पोटात अंडं घालते. सुरुवातीचे काही दिवस मावा निवांत रस पितो, वरून काहीच कळत नाही. डीएनए काढायला आख्खा मावा चिरडून वाटला की आतली अळीही वाटली जाते. ब्लीचनं कातडी धुतली जाते, पोट नाही!

उपाय फुकटचा आहे. माव्याची एक मादी, एक रोप, वर बारीक जाळी. पिल्लं द्यायला तिला नर लागत नाही. थेट तिच्या नाती तपासा: आजीच्या पोटातली अळी नातींत उतरत नाही, माव्याचा खरा सहजीवी जिवाणू मात्र आईकडून लेकीकडे जातो. शिवाय एका नळीत एकच मावा. मी दहा-दहा टाकायचे; त्यातला एक पोखरलेला असला तरी सगळी नळी पॉझिटिव्ह.

‘सरळ सिक्वेन्सिंगला (डीएनए वाचून घ्यायला) पाठव’ म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. पैसे जातात, आणि जिवाणूंचे जे रीड्स (वाचलेले डीएनएचे तुकडे) येतात, ते बहुतेक बुक्नेराचेच असतात. मोठ्या नावाच्या गाईडपेक्षा रोज सूक्ष्मदर्शकाखाली किडे बघणारी सीनियर शोधा.

बँड खोटा निघाला म्हणून रडू नका. मी रडले, पण त्या गांधीलमाश्यांवर प्रबंधात एक प्रकरण झालंच.

आणि हो, बुक्नेराला उष्णता सोसत नाही. मे महिन्यात खोलीचा एसी बंद पडला तर जिवाणू आधी घटतात, मावा मागाहून. जनरेटरची चावी कुणाकडे असते, ते आजच विचारून ठेवा.