शिमग्याआधीची नाळ : दगडधोंड्यांच्या ओढ्यातून वर चढताना

नाळ, म्हणजे कड्यामधली दगडधोंड्यांनी भरलेली उभी घळ, चढायला फेब्रुवारीच्या मध्यापासून होळीपर्यंतचे दिवस धरा. त्याआधी डोहांत पाणी आणि कातळावर ओलं शेवाळ असतं. होळीनंतर दगड इतका तापतो की दुपारी हात टेकवत नाही. पावसाळ्यात तर नाळेत शिरूच नये. वर पठारावर पडलेलं सगळं पाणी ह्याच घळीतून येतं आणि खाली उभं राहून ते येताना दिसत नाही.

मुंबईकरांसाठी नमुना म्हणून हरिश्चंद्रगडाची नळीची वाट घेऊ. ही पहिली नाळ म्हणून निवडू नका. आधी एकदोन सोप्या ओढ्यांत पाय तयार करा. रात्री कल्याण गाठून माळशेजच्या रस्त्याने पायथ्याच्या बेलपाड्यात मुक्काम करायचा. गावातला वाटाड्या आदल्या रात्रीच ठरवा, कारण पहाटे शोधत बसलात तर तास तिथेच जातो. सहाला निघा. ह्या दिवसांत सूर्य सातच्या सुमारास उगवतो, म्हणजे गावापासून ओढ्यापर्यंतचा सपाट भाग विजेरीवर उरकतो. घाई कशाची, तर उन्हाची. सह्याद्रीची कोकणाकडची धार पश्चिमेला तोंड करून आहे. सकाळभर नाळेत सावली असते आणि दुपारनंतर ऊन थेट आत शिरतं. वारा नसतो, दोन्ही बाजूंचा कातळ भट्टीसारखा धग टाकतो. एक-दीडच्या आत वरचे टप्पे मागे पडले पाहिजेत, असा हिशोब ठेवा.

पाणी माणशी चार लिटर. वाटेतले डोह ह्या दिवसांत आटलेले किंवा हिरवे असतात, त्यांच्या भरवशावर बाटली रिकामी करू नका. मिठा-साखरेच्या पुड्या दोन-तीन ठेवा. बूट मऊ रबरी तळव्याचे, कातळ धरणारे हवेत. कडक तळव्याचे महागडे बूट गोट्यांवर घसरतात. सोबत तीस मीटर दोर, स्लिंग (आधाराला अडकवायचा पट्ट्याचा फास), कॅराबिनर (दोर अडकवायची कडी), आणि प्रत्येकाला हेल्मेट. हेल्मेटला नाकं मुरडणारे असतात. त्यांना नाळेत सर्वांत पुढे ठेवा, म्हणजे त्यांच्या डोक्यावर निदान आपल्या पायाखालचा दगड तरी जाणार नाही.

खालच्या टप्प्यात धोंडे मोठे, पाण्याने गोल घासलेले असतात. ते सहसा हलत नाहीत, पण गुळगुळीत असतात. पाय धोंड्याच्या माथ्यावर, पूर्ण तळवा टेकवून ठेवा. उतरत्या कडेवर नको. उड्या मारू नका, गुडघे संध्याकाळी जाब विचारतात. काठ्या इथे गुंडाळून सॅकला बांधा, दोन धोंड्यांच्या फटीत अडकली की काठी मोडते किंवा मनगट. पानगळ झालेली असते, म्हणून फटींवर वाळक्या पाचोळ्याचं झाकण बसलेलं असतं. तिथे पाय देण्याआधी दगडाने ठोकून पाहा. हात न दिसणाऱ्या कपारीत घालू नका. फुरशाला हीच जागा आवडते.

वर जाल तसे दगड लहान, टोकदार आणि सुटे होत जातात, कारण ते पाण्याने आणलेले नसून कड्यावरून नुकतेच पडलेले असतात. हा घसारा. इथे प्रत्येक दगड आधी पायाने दाबून बघा, मग भार टाका. हात दगडावर खाली दाबा, स्वतःकडे ओढू नका. ओढलेला धोंडा अंगावर येतो. अर्धवट अंतर सर्वांत वाईट. एक तर अगदी चिकटून चाला, म्हणजे सुटलेला दगड वेग घेण्याआधी अडवता येतो, नाही तर एकेकाने टप्पा पार करा आणि बाकीच्यांनी बाजूच्या कातळाला लागून थांबा. दगड सुटला तर ‘दगड!’ एवढंच ओरडा.

वाट चुकते ती ओढे मिळतात तिथे. आडव्या ओढ्याचं तोंड कधीकधी मुख्य नाळेपेक्षा रुंद दिसतं. तिथे थांबून रचलेल्या दगडांची खूण किंवा बाण शोधा, आणि पुढे जाण्याआधी मागे वळून एक फोटो काढा. उतरताना तीच जागा वेगळी दिसते. अर्धा तास खूण दिसली नाही तर शेवटच्या खुणेपर्यंत परत या. चुकलेली शाखा बहुधा कोरड्या धबधब्याच्या पायथ्याशी संपते. आपला डोंगर लाव्ह्याच्या थरांचा आहे. कठीण थर सरळ कडा होऊन उभा राहतो, मऊ थर झिजून पायरी होते. म्हणून चढ सलग येत नाही. धोंडे, मग कातळटप्पा, पुन्हा धोंडे.

कातळटप्प्यावर एकच नियम कटाक्षाने पाळा : जो टप्पा दोराशिवाय उतरता येणार नाही, तो दोराशिवाय चढू नका. चढताना पकड डोळ्यांसमोर असते, उतरताना पायाखाली, आणि ती दिसत नाही. बहुतेक जण अडकतात ते असेच, खाली येता येत नाही आणि वर धीर होत नाही. तीन आधार पक्के असल्याशिवाय चौथा हलवू नका. आधी कोणी लटकत सोडलेला जुना दोर हातात घेऊ नका. उन्हाने तो कमजोर झालेला असतो आणि नुसतं बघून कळत नाही. सॅक वेगळ्या ओढून घ्या, पण खाली कोणी उभं नसताना. अकरापर्यंत कातळटप्पे सुरूच झाले नसतील, तर परत फिरा.

कड्याच्या पोटाला आग्या मोहोळं असतात. अत्तर, डिओ, सिगारेट, आरडाओरडा, सगळं बंद. माश्या उठल्याच तर हातवारे न करता डोकं-तोंड कापडाने झाका आणि खाली बसत-बसत दूर सरका. टप्प्यावर असाल तर आधी दोराला पक्के बांधलेले राहा, मग बाकीचं.

वर कोकणकडा, म्हणजे गडाचा पश्चिमेचा कडा, लागला की पुन्हा नाळेतून उतरायचा विचार करू नका. थकलेल्या पायांना घसारा उतरताना जास्त छळतो. तोलार खिंडीतून खिरेश्वरला उतरा, तिथून हमरस्त्यावरचा खुबी फाटा गाठा. पाणी मात्र गडावर देवळाजवळ भरून घ्या, उतरणही लांब आहे.