सापाच्या पिल्लाला थंडीत निजवायचे का? या चुका टाळा

थंडीची चाहूल लागली, की "पिल्लू तसेही खात नाही, मग त्याला शीतनिद्रेलाच घालू का?" हा प्रश्न मला दर वर्षी ऐकावा लागतो, आणि विचारणाऱ्याने हीट मॅट (पाळीव सापाच्या पेटीला ऊब देणारी विजेची चटई) बहुधा आदल्या रात्रीच बंद केलेली असते. माझे मत ठाम आहे: पहिल्या हिवाळ्यात पिल्लाला गारव्याची गरज नसते. गारवा द्यायचा तो मुख्यत्वे प्रौढ जोडी विणीसाठी तयार व्हावी म्हणून. "निसर्गात तर होतेच" हा युक्तिवाद करणाऱ्यांनी लक्षात घ्यावे, की निसर्गात अनेक पिल्ले पहिला हिवाळा पार करतच नाहीत.

सर्वांत घातक चूक म्हणजे अर्धवट थंडी, आणि ती मी स्वतः केलेली आहे. माझ्या पहिल्या कॉर्न स्नेकच्या (उत्तर अमेरिकेतला बिनविषारी साप) पिल्लाला मी उंदराचे पिल्लू खाऊ घातले आणि दुसऱ्याच दिवशी मॅट बंद केली. खोलीत १८ ते २० अंश सेल्सिअस तापमान होते. इतक्या तापमानात साप धड निजत नाही आणि त्याला धड पचवताही येत नाही, शिवाय अंगातली साठवण जळत राहते आणि रोगप्रतिकारशक्ती मंदावते. आठवड्याभरात त्याने कुजलेले भक्ष्य ओकले, पुढे तोंडाशी बुडबुडे दिसू लागले आणि श्वसनमार्गाच्या संसर्गासाठी कित्येक दिवस इंजेक्शने द्यावी लागली. पिल्लू वाचले, मात्र त्याचे वजन भरून यायला पुढचा उन्हाळा उजाडला.

तेव्हापासून मी प्रौढ सापालाही शेवटच्या भक्ष्यानंतर पुरते दोन आठवडे उबेत ठेवतो, जेणेकरून पोट रिकामे होईल. मग थोडे थोडे करून तापमान १० ते १३ अंशांवर आणतो आणि तिथेच स्थिर ठेवतो. ज्याला हे दोन आठवडे जड वाटतात, त्याने मॅटच्या बटणाला हात लावू नये.

बॉल पायथन (आफ्रिकेतला लहान अजगर) आणि बोआ कन्स्ट्रिक्टर हे साप उष्ण प्रदेशांतले असल्याने त्यांच्या बाबतीत शीतनिद्रेचा विचारही करू नये. थंडीतही ताजे पाणी हवेच. बिछायत ओलसर राहिल्यास खवले सडतात. वजन दर आठवड्याला नोंदवावे. निजलेल्या सापाचे दहा टक्के घटले, तर त्याला हळूहळू उबेत परत आणावे.

पिल्लू खात नसेल, तर आधी ते कात टाकण्याच्या बेतात आहे का, उबदार कोपऱ्यात २८ ते ३० अंश खरोखर आहेत का आणि लपायला घट्ट जागा आहे का, हे पाहावे. हटवादी पिल्लाची भूक जागी करण्यासाठी काही अनुभवी पाळणारे त्याला थोडे आठवडे गारव्यात ठेवतात, हे खरे. पण तो पशुवैद्यकाला दाखवून झाल्यानंतरचा, अंगाने भरलेल्या पिल्लापुरता उपाय आहे, आणि बरगड्या दिसू लागलेले पिल्लू त्यात दगावण्याचीच शक्यता अधिक.