वाय-फायचा पासवर्ड विसरलात? राउटरच्या भोकात पिन घालण्याआधी

दिवाळीला पुण्याहून पोरं येतात, उंबऱ्यातच वाय-फायचा पासवर्ड विचारतात आणि घरात कुणालाच तो आठवत नाही. राउटर बसवून तीन-चार वर्षं झालेली असतात आणि ज्या केबलवाल्याच्या पोराने बसवला होता त्याचा नंबरही बदललेला असतो. मग कुणीतरी सेफ्टी पिन आणतं आणि राउटरच्या मागच्या बारीक भोकात खुपसतं.

तो हात आधी थांबवा. रिसेट केल्याने पासवर्ड परत मिळत नाही, तो पुसला जातो. त्याच्याबरोबर नेट चालू ठेवणारी बाकीची माहितीही जाते, आणि ती पुन्हा भरायला लातूर-नांदेडसारख्या शहरात चार तास लागत असतील, तर आडगावात माणूस यायला चार दिवस लागतात. जो पासवर्ड तुम्ही शोधताय तो बहुतेक वेळा घरातल्याच एखाद्या मोबाइलमध्ये नाहीतर लॅपटॉपमध्ये जसाच्या तसा पडून असतो.

नेमका कोणता पासवर्ड हरवलाय?

एका राउटरभोवती तीन वेगवेगळे पासवर्ड असतात आणि निम्मा गोंधळ यांच्या सरमिसळीतून होतो. पहिला वाय-फायचा, जो मोबाइलमध्ये टाकतो. तो कमीत कमी ८ आणि जास्तीत जास्त ६३ अक्षरांचा असतो. दुसरा राउटरच्या सेटिंगच्या पानात शिरण्याचा, म्हणजे अॅडमिनचा. तिसरा नेट देणाऱ्या कंपनीने दिलेला युजरनेम-पासवर्ड, ज्याला केबलवाले ‘पीपीपीओई’ म्हणतात. तो राउटरच्या पोटात एकदाच भरलेला असतो, घरातल्या माणसांनी बहुधा कधी पाहिलेलाही नसतो. रिसेटने तिन्ही जातात, आणि सगळ्यात जास्त अडवतो तो हा तिसरा.

सुरुवात राउटर उलटा करून करा. खालच्या स्टिकरवर वाय-फायचं मूळ नाव, मूळ पासवर्ड, सेटिंगच्या पानाचा पत्ता आणि अॅडमिनचं लॉगिन छापलेलं असतं. तुमच्या मोबाइलमध्ये दिसणारं वाय-फायचं नाव स्टिकरवरच्या नावाशी तंतोतंत जुळत असेल, तर पासवर्डही बदललेला नसण्याची शक्यता मोठी. नाव ‘देशमुख वाडा’ असं काही ठेवलेलं असेल, तर पासवर्डही तेव्हाच बदलला असणार. मग स्टिकरवरचा टाकून बघायला हरकत नाही, पण त्याच्यावर विसंबू नका. राउटर पत्र्याखाली किंवा खिडकीत असेल तर उन्हाने स्टिकर फिका पडतो. टॉर्च तिरपा धरून फोटो काढा आणि मोठा करून वाचा. शून्य आणि इंग्रजी ‘ओ’, एक आणि लहान ‘एल’, पाच आणि ‘एस’, आठ आणि ‘बी’ या जोड्या आलटून-पालटून टाकून बघा.

आत्ता जोडलेलं उपकरण शोधा

घरात सध्या त्या वाय-फायवर नेट चालू असलेलं एक तरी उपकरण आहे का, हे आता पाहा. ज्यावर चालू आहे त्याच्याकडे खरा पासवर्ड आहेच. ज्या मोबाइलमध्ये नाव नुसतं ‘सेव्ह्ड’ दिसतं पण जोडलं जात नाही, त्यात जुना पासवर्ड असू शकतो. आणि काही झालं तरी ‘फर्गेट नेटवर्क’ दाबू नका. त्याने मोबाइलमधली साठवलेली प्रत पुसली जाते.

अँड्रॉइड १० किंवा त्याच्या पुढच्या मोबाइलमध्ये सेटिंग्जमध्ये वाय-फाय उघडा, जोडलेल्या नावावर किंवा त्याच्या बाजूच्या चाकावर टॅप करा आणि ‘शेअर’ दाबा. बोटाचा ठसा किंवा पिन मागेल, मग चौकोनी क्यूआर कोड येईल. बऱ्याच मोबाइलमध्ये त्याच्या खालीच पासवर्ड लिहिलेला असतो. नुसतं जोडायचं असेल तर दुसऱ्या मोबाइलने तो कोड स्कॅन केला की काम झालं, पासवर्ड वाचायचीही गरज नाही.

काही कंपन्यांच्या मोबाइलवर फक्त कोड दिसतो, अक्षरं नाहीत. तेव्हा स्क्रीनशॉट घ्या आणि तो गूगल लेन्समध्ये उघडा, किंवा दुसऱ्या मोबाइलवरच्या साध्या क्यूआर वाचणाऱ्या अॅपने स्कॅन करा. एक ओळ मिळेल. त्यात ‘एस’ अक्षर आणि विसर्गासारखे दोन टिंब यांच्या पुढे वाय-फायचं नाव असतं, आणि ‘पी’ व दोन टिंब यांच्या पुढे पासवर्ड, अर्धविरामाच्या खुणेपर्यंत. इथे एक चकवा आहे. पासवर्डमध्येच अर्धविराम, स्वल्पविराम, दोन टिंब किंवा उलटी तिरपी रेघ असेल, तर कोडमध्ये त्या चिन्हाच्या आधी एक जादा उलटी तिरपी रेघ येते. टाइप करताना ती जादा रेघ गाळायची. तशीच कॉपी केली तर ‘पासवर्ड चुकीचा’ असंच येत राहतं. असे स्क्रीनशॉट काम झाल्यावर पुसून टाका आणि हे कोड वाचायला इंटरनेटवरच्या अनोळखी साइटवर चढवू नका.

आयफोनवर आयओएस १६ पासून सोपं आहे: सेटिंग्ज, वाय-फाय, नावापुढचं ‘आय’चं वर्तुळ आणि मग ‘पासवर्ड’.

विंडोजच्या लॅपटॉपवर विंडोजचं बटण आणि ‘आर’ एकत्र दाबा. आलेल्या चौकटीत एन, सी, पी, ए, टिंब, सी, पी, एल ही अक्षरं इंग्रजीत जागा न सोडता टाका आणि एंटर करा. वाय-फायच्या चिन्हावर उजवं क्लिक करून ‘स्टेटस’, मग ‘वायरलेस प्रॉपर्टीज’, मग ‘सिक्युरिटी’चा टॅब. तिथे ठिपक्यांच्या रांगेखाली ‘शो कॅरेक्टर्स’ची चौकट असते, तिच्यात खूण केली की ठिपक्यांची अक्षरं होतात. ‘वायरलेस प्रॉपर्टीज’ हे बटण लॅपटॉप त्या वाय-फायला जोडलेला असतानाच चालतं. ऑफिसने दिलेल्या लॅपटॉपवर हे दाखवायला अॅडमिनची परवानगी लागते, म्हणून घरचाच लॅपटॉप घ्या.

टीव्ही, सीसीटीव्ही कॅमेरा, प्रिंटर यांच्यात पासवर्ड असतो खरा, पण ते सहसा दाखवत नाहीत. त्यांच्यात वेळ घालवू नका.

तार लावून राउटरच्या आत

कुठल्याच उपकरणात सापडला नाही, तर राउटरलाच विचारायचं. लॅनची तार लॅपटॉपला आणि राउटरच्या ‘लॅन’ लिहिलेल्या भोकाला लावा. वेगळ्या रंगाचं जे एकटं भोक असतं ते बाहेरून येणाऱ्या नेटचं. तिथली तार काढू नका. लॅपटॉपला लॅनचं भोक नसेल तर यूएसबीचा कन्व्हर्टर लागतो. हाच कन्व्हर्टर ओटीजीने बऱ्याच अँड्रॉइड मोबाइललाही चालतो.

आता ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत राउटरचा पत्ता टाका. टीपी-लिंक, डी-लिंक, टेंडा यांच्या पुष्कळ राउटरांवर तो १९२.१६८.०.१ असतो, फायबरच्या बऱ्याच डब्यांवर १९२.१६८.१.१, जिओ फायबरवर १९२.१६८.२९.१. इथे आकडे देवनागरीत छापलेत; टाइप करताना कीबोर्ड इंग्रजीवर घ्या, नाहीतर ब्राउझर तो पत्ता समजण्याऐवजी गूगलवर शोधत बसतो. मोबाइलवरून करत असाल तर मोबाइल डेटा बंद ठेवा. वाय-फायवर नेट येत नसलं की मोबाइल गुपचूप डेटाकडे वळतो आणि राउटरचं पान उघडतच नाही.

लॉगिन स्टिकरवरचं टाका. ते चालत नसेल तर ज्याने राउटर पहिल्यांदा सेट केला त्याच्या लॅपटॉपच्या क्रोममध्ये साठवलेल्या पासवर्डांच्या यादीत ‘१९२.१६८’ शोधा. हे फार कमी लोकांना सुचतं, आणि पुष्कळदा तिथेच सापडतं. तीन-चारदा चुकलं की काही राउटर थोडा वेळ लॉगिनच बंद करतात, म्हणून अंदाजाने ठोकत राहू नका. आत गेलात की ‘वायरलेस’ आणि त्याखालचं ‘सिक्युरिटी’ उघडा. पासवर्ड उघडा असतो किंवा डोळ्याच्या चिन्हावर क्लिक केल्यावर दिसतो.

आत आहात तोवर आणखी एक काम करून घ्या. ‘वॅन’ किंवा ‘इंटरनेट’च्या पानाचा फोटो काढा. पीपीपीओई आहे का, युजरनेम काय, व्हीलॅनचा (कंपनीने तिच्या लाइनसाठी ठरवलेला) आकडा भरलाय का, ‘मॅक क्लोन’मध्ये (राउटरला दुसऱ्या उपकरणाचा ओळख-पत्ता लावायची जागा) काही टाकलंय का, हे सगळं त्या फोटोत येऊ द्या. आणि ‘बॅकअप’चं बटण असेल तर ती फाइल काढून ठेवा.

कंपनीचा डबा असेल तर तिचं अॅपही बघा. मायजिओ आणि एअरटेलच्या थँक्स अॅपमधून वाय-फायचा पासवर्ड बदलता येतो. जुना माहीत असण्याची गरज पडत नाही. स्थानिक केबलवाल्याचं नेट असेल तर त्याला फोन करून विचारा: ‘तुमच्याकडून लांबूनच पासवर्ड बदलता येईल का?’ फायबरच्या पुष्कळ डब्यांवर ते जमतं.

डब्ल्यूपीएसचं बटण, जपून

राउटरवर डब्ल्यूपीएसचं बटण असेल तर विंडोजचा लॅपटॉप पासवर्डशिवाय जोडता येतो. लॅपटॉपवर वाय-फायचं नाव निवडा, पासवर्डची चौकट आली की राउटरचं बटण एकदाच दाबून सोडा, आणि दोन मिनिटांच्या आत लॅपटॉप जोडला जातो. मग वर सांगितल्याप्रमाणे ‘शो कॅरेक्टर्स’ करून पासवर्ड वाचा. नव्या अँड्रॉइडमधून ही सोय काढून टाकलेली आहे, त्यामुळे मोबाइलवर शोधू नका.

धोका असा की बऱ्याच राउटरांवर डब्ल्यूपीएस आणि रिसेट एकाच बटणावर असतात. क्षणभर दाबलं तर डब्ल्यूपीएस, पाच-दहा सेकंद धरून ठेवलं तर रिसेट. ‘जुळत नाही’ म्हणून माणूस बटण जोरात धरून ठेवतो, आणि सगळं पुसून जातं. बटणाच्या बाजूला दोन्ही नावं लिहिली आहेत का, आधी वाचा.

आता रिसेट

आधी घरात एक डबा आहे की दोन ते बघा. पिवळी किंवा पांढरी बारीक फायबरची तार ज्या डब्यात शिरते तो ओएनटी. त्यातूनच वाय-फाय येत असेल तर रिसेट स्वतः करू नका, कंपनीला किंवा केबलवाल्यालाच करायला लावा. ओएनटीमधली व्हीलॅन आणि नोंदणीची माहिती गेली की ‘पॉन’चा, म्हणजे फायबरची जोडणी दाखवणारा दिवा लुकलुकत राहतो, किंवा पॉन स्थिर असूनही ‘इंटरनेट’चा दिवा लागत नाही. (‘एलओएस’चा दिवा लाल असेल तर ती गोष्टच वेगळी: फायबर तुटली, वाकली किंवा निसटली आहे. पासवर्डाशी तिचा संबंध नाही.) दोन डबे असतील आणि वाय-फाय दुसऱ्या, साध्या राउटरमधून येत असेल, तर फक्त त्यालाच हात लावा.

पीपीपीओईचं युजरनेम आणि पासवर्ड केबलवाल्याकडून आधी कागदावर मिळवा, मगच पिन उचला. राउटर चालू असतानाच सिमकार्ड काढायच्या पिनने आतलं बटण दहा सेकंद दाबून धरा. सगळे दिवे एकदम लुकलुकले की सोडा. वीज बंद करून दाबल्याने काही होत नाही. पुन्हा सुरू व्हायला एक-दोन मिनिटं लागतात, तेवढ्यात प्लग काढू नका. लाइट जायची वेळ टाळा किंवा राउटर इन्व्हर्टरच्या प्लगवर घ्या.

मग स्टिकरवरच्या मूळ नावाने जोडा, सेटिंगचं पान उघडा, नवा अॅडमिन पासवर्ड ठेवा आणि कनेक्शनचा प्रकार निवडा. केबलवाल्याने युजरनेम दिलं असेल तर पीपीपीओई, नाहीतर बहुधा ‘डायनॅमिक आयपी’. युजरनेममधली लहान-मोठी अक्षरं जशीच्या तशी ठेवा.

सगळं बरोबर भरूनही नेट आलं नाही आणि टीपी-लिंकवर इंटरनेटचा दिवा नारिंगीच राहिला, तर कारण बहुतेक मॅक पत्त्यात असतं. स्थानिक नेटवाले बऱ्याचदा ग्राहकाचं कनेक्शन एका उपकरणाच्या बारा अक्षरी मॅक पत्त्याला बांधून ठेवतात. आधी ‘मॅक क्लोन’ केलेलं असेल तर रिसेटने तो पत्ता बदलतो आणि पलीकडची यंत्रणा तुमचा राउटर ओळखत नाही. केबलवाल्याला ‘नेट बंद आहे’ असं मोघम सांगू नका. ‘राउटर रिसेट केलाय, मॅक बाइंडिंग सोडा’ असं सांगा. दोन मिनिटांचं काम असतं, आणि नेमके शब्द वापरले की माणूस घरी पाठवायची गरजच पडत नाही.

नवा पासवर्ड ठेवताना

जुनं नाव आणि जुना पासवर्ड रिसेटच्या आधी मिळाला असेल तर तोच ठेवा. दोन्ही अक्षर न् अक्षर सारखे असले की टीव्ही, कॅमेरे आपोआप जोडले जातात. माळवदाच्या घरात दोन-अडीच फुटी भिंतींमुळे एक्स्टेंडर, म्हणजे वाय-फाय लांबच्या खोलीत पोचवणारा डबा, लावलेला असतो. पासवर्ड बदलला तर तोही नव्याने जुळवावा लागतो, हे लोक विसरतात. स्वस्त कॅमेरे वाय-फायच्या फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर चालतात, तेव्हा तो पट्टा बंद करू नका.

सुरक्षा ‘डब्ल्यूपीए२’ आणि ‘एईएस’ निवडा, सगळी उपकरणं नवी असतील तर ‘डब्ल्यूपीए३’. पासवर्ड म्हणून मोबाइल नंबर किंवा गाडीचा नंबर नको; शेजाऱ्याला तो पाठ असतो. एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत ठेवा, जसे कापूस, पितळ, चिमणी, उखळ. आजीलाही सांगता येतात आणि अंदाजाने सापडत नाहीत. फक्त हेच चार घेऊ नका.

शेवटी कागदावर वाय-फायचा पासवर्ड, अॅडमिनचा पासवर्ड, पीपीपीओईचं युजरनेम-पासवर्ड आणि तारीख लिहा. तो कागद लाइट बिलांच्या फाइलमध्ये ठेवा. राउटरवर चिकटवायचाच असेल तर फक्त वाय-फायचा पासवर्ड, तोही खालच्या बाजूला, पारदर्शक चिकटपट्टीखाली, म्हणजे धुळीने आणि घामट हातांनी शाई पुसणार नाही.