उपाशीपोटी म्हणजे चहासुद्धा नाही

मी आशा वर्कर. वाळवा तालुक्यातलं ऊसपट्ट्यातलं गाव, माझ्या वाट्याला हजारेक माणसं. बाळाला डोस द्यायचा म्हटलं की आई दारात उभी असते. त्याच बाळाच्या बापाला बीपी मोजायला बोलवा, तो मागच्या दारानं रानात पसार. तिशीपुढच्या प्रत्येकाची तपासणी करून घेणं हे आमचं काम, आणि बारा वर्षांत मला सगळ्यात जास्त चपला झिजवायला लावल्या त्या याच कामानं. घरातल्या माणसाला तपासणीला न्यायचं ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यासाठी माझ्या अनुभवातलं सांगते.

आधी विचारायचं कसं ते. सुईला फारसं कुणी भीत नाही, 'काही निघालं तर?' याला भितात. "तपासलं की काहीतरी निघतंच, त्यापेक्षा नकोच" असं तोंडावर सांगतात. यावर वाद घालू नका, मी घालून दमलेय. "एकदा दाखवून या की" असंही म्हणू नका, तो 'एकदा' कधी उजाडत नाही. वार, वेळ आणि सोबत, तिन्ही ठरवूनच बोला: "बुधवारी आठला निघायचं, तुमची जाऊ पण येतेय." आमच्याकडं कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे ऊसगाळपाचा हंगाम संपल्यावर, माणसं मोकळी असतात. ऐन तोडीत बोलावलंत तर तुमचीच चूक.

पैशाचं कारण कुणी सांगितलं तर हे लक्षात असू द्या: राज्याच्या आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी मोफत आहे, केसपेपरलाही पैसे नाहीत.

आता साखरेच्या तपासणीला उपाशीपोटी जायचं ते. रात्री नऊला जेवलात तर सकाळी सातला रक्त द्या. आठ ते दहा तास पोटात काही नको, साधं पाणी चालतं. एवढं सांगूनही दर बुधवारी एक संवाद ठरलेला. "आक्का, काय खाल्लं नाही ना?" "छे गं, काहीच नाही. एवढासा चहा घेतला." एवढासा म्हणजे कपभर, दोन चमचे साखर घातलेला. मग आक्का परत घरी आणि रिपोर्ट पुढच्या आठवड्यावर. एकादशीला तर विचारूच नका. "आज उपवासच आहे, आजच घ्या की रक्त," म्हणत एक काकू आल्या. सकाळी सहाला साबुदाण्याची खिचडी झाली होती!

बीपी-शुगरच्या गोळ्या चालू असतील तर त्या सकाळी घ्यायच्या की थांबायचं, हे आदल्या दिवशीच डॉक्टरांना विचारा. परस्पर बंद करू नका.

उपकेंद्रात बोटाला टोचून साखर बघतात ती नुसती चाळणी. तिथं जास्त दिसली तर शिरेतलं रक्त घेऊन नक्की काय ते ठरतं. उपाशीपोटीची साखर १०० च्या आत असेल तर बरं. १०० ते १२५ म्हणजे काठावर. १२६ किंवा वर आली आणि दुसऱ्या तपासणीतही तसंच निघालं तर मधुमेह. ज्याला लोक 'तीन महिन्यांची साखर' म्हणतात, त्या एचबीएवनसी तपासणीला उपाशी राहावं लागत नाही. तिथं साडेसहा टक्क्यांपासून पुढं मधुमेह धरतात.

बीपीचा धडा मला दूध डेअरीवर मिळाला. पुरुष घरात सापडत नाहीत, पण सकाळी साडेसहाला किटली घेऊन डेअरीच्या कट्ट्यावर येतातच. मी मशीन घेऊन तिथंच बसले. पहिल्याच दिवशी निम्मं गाव १५० च्या वर! आमच्या सीएचओ मॅडम, म्हणजे उपकेंद्राच्या आरोग्य अधिकारी, आल्या आणि हसायला लागल्या. कारण माणूस किटली उचलून चालत आलेला, गालात तंबाखू, एका पायावर उभा, आणि शर्टाच्या बाहीवरून मी पट्टा बांधलेला. तेव्हापासून माझी शिस्त अशी: अर्धा तास आधी चहा-तंबाखू नाही, लघवीला जाऊन यायचं, पाच मिनिटं पाठ टेकून बसायचं, पाय जमिनीवर, बाही वर, हात छातीच्या उंचीला टेकवलेला आणि तोंड बंद. राजकारणाचा विषय तर नकोच. मिनिटभरानं दुसऱ्यांदा मोजायचं. तरीही १४०/९० किंवा वर राहिलं तर वेगळ्या दिवशी परत मोजायचं, आणि मग डॉक्टर.

कंबर मोजायची तर निऱ्यांवरून टेप लावू नका. बायकांची ८० सेंटिमीटरच्या आत आणि पुरुषांची ९० च्या आत हवी. निऱ्यांवरून मोजून मी एका सडपातळ बाईला जाड ठरवलं होतं, ती अजून टोमणा मारते.

तोंडाच्या कॅन्सरच्या तपासणीत एक गोम आहे. "तंबाखू खाता का?" विचारलं की आमच्या बायका दुखावतात, "आम्ही कशाला खाऊ!" मग विचारायचं, "मिश्री लावता का?" "हो, ती सकाळ-संध्याकाळ." मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, पण हे कुणी मनावर घेत नाही. आरशासमोर उजेडात गाल आणि जीभ उलटून बघा. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, किंवा तोंड पूर्वीसारखं उघडत नसेल तर दाखवायला जा. दुखत नाही म्हणून थांबू नका.

गर्भपिशवीच्या तोंडाची कॅन्सरसाठीची तपासणी म्हटलं की बायका पदर सावरून उठतात. २०१९ मध्ये बीडकडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याच्या बातम्या आल्या आणि तपासणी म्हणजे पिशवी जाणार, असं डोक्यात पक्कं बसलं. म्हणून मी आधी स्वतः जाऊन आले आणि पारावर बसून सगळं सांगितलं. पडद्याआड झोपवतात, सिस्टर तिथं ॲसिटिक ॲसिडचं पातळ पाणी लावतात, मिनिटभर थांबून बघतात. थोडं चुरचुरतं, बस. पांढरा डाग दिसला तर पुढची तपासणी असते, लगेच पिशवी काढायची नसते. पाळीच्या दिवसांत जाऊ नका. आणि दोघी-तिघी मिळून जा, एकटी बाई फाटकातून परत येते.

पॅकेजवाल्या शिबिरांबद्दल माझं मत चांगलं नाही. आमच्या गावात एकदा एक खासगी शिबिर झालं, बारा पानी रंगीत रिपोर्ट घरपोच. शेजारचे अण्णा कुठल्याशा जीवनसत्त्वापुढची चांदणी बघून रात्रभर जागे. दुसऱ्या पानावरची उपाशीपोटीची साखर १३८, तिकडं कुणाचं लक्षच नाही. कागद समजावून सांगणारा माणूस समोर नसेल तर पानं कितीही असोत, काही कामाची नाहीत.

सगळ्यात शेवटी माझ्या घरचं, कारण तिथंच मी सगळ्यात उशिरा पोचले. आमचे मालक ट्रॅक्टर चालवतात. गावाला तपासत फिरणाऱ्या बाईच्या नवऱ्याचं बीपी निघालं १६८/१०४, तेही गंमत म्हणून पट्टा बांधला तेव्हा. दुसऱ्या दिवशीही तसंच. "मला काय झालंय? खताची पोती उचलतो," हे त्यांचं पालुपद. गोळी सुरू झाली, पण केसपेपर गादीखाली आणि पुढची तारीख विसरलेली. मग मी कागदाचा नादच सोडला. भिंतीवरच्या कॅलेंडरवर आम्ही रोज दुधाचा हिशोब लिहितो, त्याच चौकोनात दर सोमवारी बीपी लिहायला लागले. दंडाला बांधायचं मशीन घेतलं, मनगटावरचं नाही. वरती लिटर, खाली बीपी. महिनाभरात आकडा उतरताना त्यांना स्वतःलाच दिसला. डॉक्टरांकडं जाताना पान फाडून न्यायचं, फाईलची कटकट नाही.

मागच्या सोमवारी मीटिंग होती, घाईत माझ्याकडून राहिलं. संध्याकाळी बघते तर 'सकाळ ७ लिटर' खाली वाकड्या अक्षरात १३६/८४. मशीनचा पट्टा मात्र उलटा गुंडाळून ठेवला होता.