पॅच टाकायचा की पूर्ण अपडेट?

मशीद बंदरच्या एका पेढीचे कॉम्प्युटर मी सांभाळायला लागलो, तेव्हा नवीन आलं की टाकायचं एवढंच मला ठाऊक होतं. अकाउंटिंग सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली आणि शनिवारी संध्याकाळी मी ती चढवली. सोमवारी सकाळी डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर मालाचं चलन छापायला घेतलं, तर सगळ्या ओळी दोन बोटं खाली घसरलेल्या, रक्कम रकान्याबाहेर. खाली टेम्पो भरून उभे. मुनीमजी न बोलता चलनं हाताने लिहीत बसले. दुपारी जुनी आवृत्ती परत आणायला गेलो, तर नवीनने डेटाची रचनाच बदललेली. शनिवारचा बॅकअप होता म्हणून निभावलं, पण सोमवारच्या सगळ्या नोंदी पुन्हा कराव्या लागल्या.

फरक इथेच आहे. पॅच म्हणजे ठिगळ: जिथे फाटलंय तेवढंच शिवायचं, आणि बहुतेक वेळा ते उसवताही येतं. पूर्ण अपडेट पायापर्यंत जातं. आवृत्ती ५.२.३ वरून ५.२.४ झाली तर सहसा पॅच. ५ चे ६ झाले तर आधी बदलांची यादी वाचा, चहा घेत सावकाश वाचा.

म्हणून पॅचही लांबवायचा का? अजिबात नाही. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या नावाच्या व्हायरसने न्हावाशेवा बंदरातलं एक टर्मिनल ठप्प केलं. विंडोजच्या ज्या भोकातून तो एका मशीनवरून दुसऱ्यावर पसरत होता, त्याचा पॅच मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिला होता. (पसरायच्या त्याच्या आणखीही वाटा होत्या, पण ही तरी बंद करता आली असती.)

छोटं म्हणजे निर्धोक, असंही धरू नका. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअर कंपनीने धाडलेल्या एका छोट्या फाइलने जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज मशीन बंद पाडली. मायक्रोसॉफ्टचे पॅच दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात, आपल्याकडे तोवर रात्र झालेली असते. बुधवारी मी ते दोन मशीनवर टाकतो, शुक्रवारपर्यंत सगळीकडे.

पूर्ण अपडेट मात्र २० तारखेचं जीएसटी रिटर्न गेल्यानंतरच्या शनिवारी, तेही बॅकअप दुसऱ्या मशीनवर उघडून बघितल्यावर. ते झालं की त्याच डॉट मॅट्रिक्सवर एक चलन काढतो आणि रक्कम रकान्यात बसली का ते मुनीमजींना दाखवतो.