गॅस जोडण्याआधी केएच मोजा

माशांच्या टाकीत झाडं लावून त्यांच्यासाठी कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर जोडायचा बेत असेल, तर रेग्युलेटर, नळी, डिफ्यूझर (गॅसचे बारीक बुडबुडे करणारं साधन) यांच्याही आधी केएच मोजायचं किट आणा. केएच म्हणजे पाण्यात बायकार्बोनेट किती आहे त्याचं माप. मागच्या उन्हाळ्यात माझ्याकडून नेमकं हेच राहिलं आणि टाकीतले टेट्रा मासे मेले, म्हणून ही यादी.

आधी झाडं ठरवा. सिलिंडर लागणार की नाही, ते त्यांच्यावरच अवलंबून आहे. नुसत्या हवेच्या जोरावर 25 अंशांच्या पाण्यात लिटरमागे जेमतेम 0.6 मिलिग्रॅम कार्बन डायऑक्साइड विरघळून राहतो, आणि तो हवेतल्यापेक्षा सुमारे 10,000 पट सावकाश पसरतो. तळ्यातल्या झाडांचं भागतं ते गाळामुळे. तळाशी पालापाचोळा कुजत असतो, जिवाणू श्वास घेत असतात, खालून भूजल झिरपत असतं, आणि या सगळ्यातून गॅस येत राहतो. कमळ तर पानं पाण्यावर काढून सरळ हवेतूनच घेतं. हायड्रिला आणि व्हॅलिसनेरिया यांची तऱ्हा आणखी वेगळी, गॅस कमी पडला की ती बायकार्बोनेटवर भागवतात. माळव्याच्या काळ्या दगडातून येणाऱ्या बोरिंगच्या पाण्यात ते सहसा भरपूर असतं. इंदुरात हीच दोन झाडं लावणार असाल तर सिलिंडरवर पैसे घालवू नका. मॉसना मात्र सहसा बायकार्बोनेट वापरता येत नाही. अनुबियास, क्रिप्टोकोरिन मंद उजेडात, गॅसशिवाय सावकाश वाढतात. लाल पानांची, भराभर वाढणारी झाडं हवी असतील तरच पुढचं वाचा.

आता केएच. पीएच (पाणी किती आम्ल आहे ते दाखवणारा आकडा) मोजला म्हणजे झालं, असं दुकानात सांगतील. ऐकू नका. एकटा पीएच काहीच सांगत नाही. हिशेब असा: केएचला 3 ने गुणायचं, मग 7 मधून पीएच वजा करून जे उरेल, 10 च्या तेवढ्या घाताने गुणायचं, की लिटरमागे किती मिलिग्रॅम गॅस आहे ते मिळतं. समजा कंट्रोलर, म्हणजे पीएच ठरलेल्या आकड्यावर उतरेपर्यंत गॅस सोडणारं यंत्र, 6.8 पीएचवर लावलाय. केएच 5 असेल तर गॅस सुमारे 24, म्हणजे ठीक. आता उन्हाळ्यात नर्मदेचे नळ पुरेनात, टँकर आला, त्यात बोरिंगचं पाणी, केएच 12. कंट्रोलर त्याच 6.8 पर्यंत गॅस सोडत राहणार आणि टाकीत तो 57 वर जाणार! 30 च्या पुढे मासे धोक्यात येतात. पडद्यावरचा आकडा तोच दिसतो, म्हणून संशयही येत नाही. तेव्हा पाणी कुठून आलं ते विचारा आणि प्रत्येक वेळी केएच मोजा. बहुतेक किटमध्ये एक थेंब म्हणजे केएचची एक डिग्री, दोन मिनिटांचं काम आहे. टाकीत लाकूड असेल तर त्यातून उतरणाऱ्या आम्लामुळे हा हिशेब फुगतो, तेही ध्यानात ठेवा.

शिवाय ड्रॉप चेकर, म्हणजे टाकीतल्या गॅसप्रमाणे रंग बदलणाऱ्या द्रावणाची छोटी कुपी, लावाच. त्यात टाकीचं पाणी भरायचं नाही, 4 केएचचं तयार द्रावण भरायचं. इथेही केएचच! द्रावणाचा केएच ठाऊक असतो म्हणून तर रंगावर विश्वास ठेवता येतो. निळा म्हणजे कमी, हिरवा बरोबर, पिवळा दिसला की गॅस ताबडतोब बंद. रंग बदलायला तास-दोन तास लागतात, तोवर माशांकडे बघा. ते पृष्ठभागावर येऊन तोंड मारायला लागले तर रंगाची वाट बघू नका.

सिलिंडर उभाच ठेवा, आडवा केला तर द्रव रेग्युलेटरमध्ये शिरतो. गच्चीत किंवा उन्हात अजिबात नाही. 31 अंशांच्या वर आतला द्रव द्रव राहत नाही आणि दाब चढतो, आणि इंदूरचा मे महिना तुम्हाला माहीत आहे. जोडांना साबणाचं पाणी लावून गळती बघा. टाकीचं पाणी नळीतून उलटं येऊ न देणारा चेक व्हॉल्व हवाच.

टायमर: दिवा लागण्याच्या तासभर आधी गॅस सुरू, दिवा बंद होण्याच्या तासभर आधी बंद. रात्री झाडंही गॅस सोडतात, तेव्हा एअर पंप रात्री चालवा, दिवसा नको, नाहीतर सोडलेला गॅस उडून जातो. पाणी बदलताना गॅस बंद. खत, कात्री, जाळी ठाऊकच आहे.