जुन्या हातोड्या जमवायच्या, साफ करायच्या आणि भिंतीवर लावायच्या कशा

हातोडी कोणी जपून ठेवत नाही. मोडेपर्यंत वापरतात, दांडा तुटला की दुसरा घालतात, आणि म्हातारा कारागीर गेला की पोरं सगळी अवजारं किलोवर भंगारात देऊन टाकतात. त्यामुळेच हा नाद अजून तरी खिशाला परवडतो. पण सुरुवात करायच्या आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, जुनी हातोडी नवी करायची नसते. गंज थांबवायचा, दांडा घट्ट करायचा आणि हात आवरायचा. आरशासारखी चकचकीतच पाहिजे असेल तर हार्डवेअरच्या दुकानात नवी मिळते की.

आधी काय जमवायचं ते ठरवा. दिसेल ती उचलत गेलात तर सहा महिन्यात घरचे तुम्हाला आणि हातोड्यांना एकत्रच बाहेर काढतील. मला स्वतःला धंद्यानुसार जमवणं आवडतं, कारण हातोडीचा आकार बघून ती कशासाठी होती ते कळतं. फिटरची बॉलपीन, मागे गोल गोळा, रिव्हेटचं डोकं बसवायला. सोनाराची एवढीशी, बोटांच्या चिमटीत धरायची. चपला करणाऱ्याची तोंडाला पसरट आणि किंचित फुगीर, कारण सपाट तोंडाची कड चामड्यात रुतते. दगड फोडणाऱ्यांची सुतकी, पाट्या-वरवंट्याला टाकी लावणाऱ्यांची छोटी हातोडी, लोहाराचा घण. घिसाडी लोकांच्या पालावर हा घण बऱ्याचदा बाई मारते आणि पुरुष ऐरणीवर लोखंड फिरवत बसतो, ते एकदा थांबून बघा म्हणजे त्या लांब दांड्याचा हिशोब कळेल. सुताराची हातोडी मात्र आपल्याकडे वाटते तेवढी जुनी सापडत नाही, कारण जुने सुतार खिळा वाकसाच्या, म्हणजे लाकूड तासायच्या अवजाराच्या, पाठीनेच ठोकायचे. त्यामुळे वाकस मिळाला तर तोही घ्या, कलेक्शनमध्ये चालतो.

शोधायचं कुठे? पुण्यात रविवार आणि बुधवारचा जुना बाजार, मुंबईत चोर बाजार, आणि कुठल्याही तालुक्याच्या गावातलं भंगाराचं दुकान. माझं मत विचाराल तर भंगारवालाच बरा. बाजारात तीच वस्तू अँटिक म्हणून सांगतात, भंगारात ती फक्त वजनाने जाते. सकाळी लवकर जा, जुने कपडे घालून जा, आणि आवडलेली हातोडी हातात धरून फोटो काढत बसू नका, भाव तिथेच वाढतो.

हातात घेतल्यावर सगळ्यात आधी दांडा ज्या भोकात बसतो त्याच्या दोन्ही बाजू नीट बघा. चीर जाते ती तिथेच. दांडा नसेल तर डोकं तारेला टांगून दुसऱ्या लोखंडाने हलकं वाजवा, खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द वाजलं तर आत चीर असायची शक्यता आहे. बीडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, स्वस्त हातोड्याही भंगारात खूप असतात, त्यांच्यावर मधोमध साच्याची रेघ दिसते आणि तुटलेल्या जागी दाणेदार करडं लोखंड दिसतं, त्या सोडा. इथे एक गंमत आहे, जुन्या इंग्लिश हातोडीवर ‘कास्ट स्टील’ असा ठसा असतो आणि लोक तिला बीडाची समजून बाजूला टाकतात. ते उलट चांगलं लक्षण आहे. शेफिल्डला मुशीत वितळवून जे पोलाद करायचे, त्याला ते कास्ट स्टील म्हणायचे, अशी हातोडी सोडू नका.

ठसे वाचायला शिका, तारीख तिथूनच लागते. वजन पौंड-औंसात असेल तर माल परदेशी किंवा जुना. ग्रॅममध्ये असेल आणि भारतात बनलेली असेल तर ती बहुतेक साठच्या दशकातली किंवा नंतरची, कारण आपल्याकडे मेट्रिकचा कायदा 1956 चा आणि बाजारात ते मुरायला पुढची काही वर्षं गेली. तीन रेघांचा बाण दिसला तर तो ब्रिटिश सरकारी मालाचा शिक्का, खडकी-देहूरोडला लष्करी कारखाने आणि डेपो असल्यामुळे पुण्यात तो दिसला तर नवल नाही. ‘जी आय पी आर’ दिसलं तर ती जुन्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची, म्हणजे 1853 ला बोरीबंदर ते ठाणे गाडी चालवणारी तीच कंपनी. 1951 ला ती मध्य रेल्वेत गेली.

पण रेल्वेच्या हातोडीबाबत जरा सांभाळून. चोरीचा रेल्वेचा माल जवळ बाळगणं हा 1966 च्या कायद्याने गुन्हा आहे. त्यामुळे चालू वापरातली वाटणारी, नवा रंग आणि नवे नंबर असलेली वस्तू घेऊच नका, जुनी घेतली तर दुकानदाराकडून साध्या कागदावर का होईना पावती घ्या. आणि अमेरिकेतला भाऊ म्हणाला की मला एक जुनी दे, तर लक्षात ठेवा, शंभर वर्षांहून जुनी कारागिरीची वस्तू 1972 च्या पुरावस्तू कायद्यात येऊ शकते आणि अशी पुरावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही.

घरी आणली की लगेच घासायला घेऊ नका. आधी सगळ्या बाजूंनी फोटो, मग वहीत नंबर टाकून कुठे मिळाली, विकणारा काय म्हणाला, कोणाची होती, हे लिहा. विकणाऱ्याला विचारायला लाजू नका, अर्धे लोक मनापासून सांगतात. ही वही नसेल तर दहा वर्षांनी तुमच्याकडे फक्त लोखंड उरेल.

आता गंज. साधारण गंज असेल तर रॉकेल किंवा मशीनचं तेल लावून रात्रभर ठेवा आणि अगदी बारीक स्टील वुलने चोळा, काम होतं आणि लोखंडावर वर्षानुवर्षं बसलेली काळपट तकाकीही राहते. खपल्या निघत असतील तरच व्हिनेगर. प्लॅस्टिकच्या टबात किराणा दुकानातलं साधं पांढरं व्हिनेगर ओता, दांडा काढलेलं डोकं पूर्ण बुडेल इतकं, आणि दर काही तासांनी काढून पितळी तारेच्या ब्रशने घासा. एक दिवसाच्या वर शक्यतो ठेवू नका, नाहीतर गंजाबरोबर ठसाही जाईल. बाहेर काढल्यावर खायच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून धुवा, लगेच पुसा, हेअर ड्रायरने किंवा उन्हात कोरडं करा आणि गरम असतानाच तेल चोळा. इथे पाच मिनिटं फोनवर बोलत बसलात तर डोळ्यादेखत पुन्हा केशरी होतं. व्हिनेगर ती काळी तकाकीही खाऊन टाकतं आणि लोखंड करडं दिसतं, म्हणून तो शेवटचा उपाय.

काहीजण धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बारा व्होल्टचा चार्जर लावून गंज काढतात. चांगली पद्धत आहे, हातोडी निगेटिव्हला, साध्या लोखंडाचा तुकडा पॉझिटिव्हला. पण त्या तुकड्याच्या जागी स्टेनलेस स्टीलचा चमचा कधीच वापरू नका, क्रोमियमचं विष पाण्यात उतरतं. आणि त्यातून हायड्रोजन निघतो, म्हणून बंद खोलीत नाही, गच्चीवर करा.

जुना दांडा काढायला हातोडी चुलीत किंवा गॅसवर ठेवायची पद्धत सर्रास आहे, ती आधी बंद करा. तोंडाला दिलेलं पाणी म्हणजे कडकपणा त्या आचेने उतरतो आणि हातोडी मऊ पडते. ग्राइंडरचंही तेच, पोलाद निळं पडलं की खेळ संपला. दांडा डोक्याखाली करवतीने कापा आणि उरलेला तुकडा ड्रिल मारून ठोकून काढा. रंगाचे जुने थर असतील तर तेही घासून धूळ उडवू नका, जुन्या रंगात शिसं असायचं.

तांबटाची किंवा सोनाराची हातोडी हाताला लागली तर वरचं सगळं विसरा. पुण्याच्या तांबट आळीत तांब्याच्या भांड्यावर जे मठाराचं, म्हणजे हातोडीच्या ठोक्यांचं, काम होतं त्यात हातोडीचं तोंड काचेसारखं गुळगुळीत ठेवावं लागतं, कारण तोंडावर एक ओरखडा असेल तर तो प्रत्येक ठोक्याला तांब्यावर उमटतो. अशी हातोडी उजेडात तिरकी धरून बघा, मधला भाग अजून लखलखीत असतो आणि गंज फक्त गालांवर, म्हणजे डोक्याच्या बाजूंवर, असतो. त्या तोंडाला पॉलिश पेपर लावलात तर एका माणसाची अख्ख्या आयुष्याची घासणी दोन मिनिटात पुसाल. मऊ कापड, तेल, बस.

तोंडाच्या कडा फुलून बाहेर आल्या असतील तर नुसती मांडायची हातोडी तशीच राहू द्या, तो वापराचा पुरावा आहे. वापरायची असेल तर मात्र कानशीने काढाच, त्या कडांचा तुकडा उडाला की सरळ डोळ्यात जातो. आणि दोन हातोड्या एकमेकींवर मारून आवाज ऐकायचा चाळा मुलांना करू देऊ नका.

दांडा जुना असेल आणि घट्ट असेल तर हात लावू नका. अंगठ्याच्या जागी झिजून जो खळगा पडतो तो विकत मिळत नाही. सैल असेल तर पाण्यात भिजवून घट्ट करायचा सल्ला मिळेल, लाकूड फुगतं हे खरं, पण वाळलं की आधीपेक्षा सैल होतं. तेलाने थोडं सावरतं, नाहीतर नवी पाचर.

नवाच दांडा घालायचा तर बाभूळ किंवा धावडा, चांगलं वाळलेलं, गाठ नसलेलं, आणि लाकडाच्या रेघा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेलेल्या. भोकात बसेल असं वरचं टोक हळूहळू तासा, घाई इथेच नडते. पाचरीसाठी करवतीने खाच पाडा, भोकाच्या खोलीच्या दोन तृतीयांश. मग डोकं टोकावर बसवून हातोडी डोकं खाली करून हवेत धरा आणि दांड्याच्या मोकळ्या टोकावर लाकडी मोगरीने ठोका. जमिनीवर आपटायची गरज नाही, जड डोकं जागेवर राहतं आणि दांडा आपोआप आत सरकत जातो. मग लाकडी पाचर, भोक वरून जरा रुंद असतं त्यामुळे लाकूड फाकून तिथे अडकतं. दांड्याला व्हार्निश नको. काचेच्या तुकड्याने खरवडून गुळगुळीत करा आणि अळशीच्या तेलाचे पातळ हात द्या, पंधरा-वीस मिनिटांनी जास्तीचं पुसून. ते पुसलेलं फडकं चुरगळून कचऱ्यात टाकू नका, अळशीचं तेल वाळताना तापतं आणि फडकं आपोआप पेटतं. पाण्यात बुडवा किंवा बाहेर पसरून वाळवा.

मांडायला महागडं काही लागत नाही. जाड प्लायची फळी आणि प्रत्येक डोक्याखाली दोन खिळे, तेवढ्यावर हातोडी आपल्याच वजनाने बसते. डिंक नाही, घट्ट तार नाही, दांड्याला भोक तर अजिबात नाही. नव्या फ्लॅटच्या हलक्या ब्लॉकच्या भिंतीत साधा स्क्रू धरत नाही, त्यासाठीचे वेगळे प्लग मिळतात, आणि घण तर खाली लाकडी घडवंचीवरच बरा. पलंगाच्या डोक्याशी लावायच्या नाहीत हे सांगायला नको. उंचीप्रमाणे ओळीत लावण्यापेक्षा धंद्याप्रमाणे लावा, सोनाराच्या शेजारी त्याची छोटी ऐरण, पाथरवटाच्या शेजारी टाकी, आणि खाली छोटी चिठ्ठी. पुण्याच्या केळकर म्युझियममध्ये अडकित्ते बघितलेत का, एकच वस्तू किती तऱ्हेची असू शकते ते तिथे कळतं. घरचे फारच हसायला लागले तर त्यांना सांगा की अलास्कात हेन्स नावाच्या गावी 2002 पासून फक्त हातोड्यांचं म्युझियम आहे.

ओल येणारी भिंत टाळा. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर मृगाच्या आधी सगळ्या लोखंडावर मशीनच्या तेलाचा किंवा मेणाचा पातळ हात फिरवा आणि पावसाळ्यात मधून मधून बोट फिरवून बघा. दुसरी फेरी खंडेनवमीला, तेव्हा अवजारं तशीही खाली निघतात. पूजा जरूर करा, पण ओलं हळदकुंकू आणि फुलं दसऱ्याच्या संध्याकाळपर्यंत काढून टाका आणि तेलाचं फडकं फिरवा, नाहीतर जिथे बोट लावलं तिथे बरोब्बर गंजाचा ठिपका येतो.